राक्षसाला नाव काय ठेवावे?

तेवीसशे वर्षे होत आली. इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरात राजवाड्यावर मोठा उत्सव होता. प्रॅक्सिनोआ नावाची एक गृहिणी मैत्रिणीबरोबर तो पाहायला निघाली. वस्त्रे ठीकठाक झाली, दासीला सूचना देऊन झाल्या, आणि आता निघणार एवढ्यात घरातल्या पोराने भोकाड पसरले. आईने त्याला दटावले, की तुला काही मी नेणार नाही. तिकडे मोर्मो आहे, घोडा चावतो! थिऑक्रिटस या ग्रीक कवीने हा प्रसंग आपल्या एका काव्यात रंगवला आहे.

ही मोर्मो कोण, हे आपल्याकडच्या कोणत्याही आईला समजावून सांगायला नको. ती ग्रीक घरातली बागुलबुवा. नाव उच्चारले की काम झाले. मोठी माणसेही या नावाची थट्टा करीत. झेनोफोन नावाचा इतिहासकार सांगतो, की स्पार्टाचे सैनिक आपल्या मित्रसैन्याला टोमणा मारीत: मुले मोर्मोला भितात तसे तुम्ही या भालाईतांना भिता!

मित्रहो, ग्रीक लोकांनी असे पुष्कळ राक्षस निर्माण केले. एक डोळ्याचे, शंभर हातांचे, अर्धे बाई आणि अर्धे साप. आज जगभर मुलांसाठी ज्या अद्भुत कथा लिहिल्या जातात, चित्रपट निघतात, त्यांतले पुष्कळ राक्षस या ग्रीक घराण्यातले असतात. आपल्या शाळेतल्या मुलांनाही 'एक राक्षस काढा आणि त्याची गोष्ट लिहा' असे सांगितले, तर मुले भराभर दहा डोकी, वीस शेपट्या काढतात. मग नावापाशी अडतात. तेव्हा ग्रीकांनी राक्षस घडवले कसे आणि त्यांना नावे ठेवली कशी, ते आज पाहू. या नावे ठेवण्याच्या खेळाचा एक पदर थेट आपल्या देशापर्यंत येऊन पोचतो, आणि तो मात्र केवळ खेळाचा नाही.

पहिली गोष्ट ही, की ग्रीक राक्षसांची नावे आपल्याला भारदस्त वाटतात, ग्रीकांना ती तशी वाटत नसत. ती बहुतेक रोजच्या बोलण्यातली होती. इंग्रजी वळणाने आपण ज्याला 'सायक्लॉप्स' म्हणतो, तो मूळचा 'क्युक्लोप्स'. 'क्युक्लोस' म्हणजे वर्तुळ, चाक. आणि 'ओप्स' म्हणजे डोळा. ग्रीक 'क्युक्लोस' आणि संस्कृत 'चक्र' हे एकाच मुळातून निघालेले शब्द आहेत, असे भाषाशास्त्र सांगते. म्हणजे या राक्षसाचे नाव आपल्या भाषेत सरळ 'चक्राक्ष' होईल. इ. स. पू. ७०० च्या सुमारास हेसिऑड नावाचा कवी होऊन गेला. शेतीची कामे कधी करावीत हे सांगणारे काव्यही त्याने लिहिले. त्याने देवदैत्यांची वंशावळ रचली. तीत तो या नावाचा अर्थ स्वतःच सांगतो: कपाळावर एक गोल डोळा, म्हणून हे नाव. तो तीन क्युक्लोप्स सांगतो. त्यांची नावे ब्रॉन्टेस, स्टेरोपेस आणि आर्गेस. म्हणजे गडगडाट्या, विजेवाला आणि लखलखता. हे तिघे देवांच्या राजाला वज्र देणारे. पावसाळ्याच्या तोंडी आपण आभाळात जे पाहतो आणि ऐकतो, तेच या तीन नावांत आले आहे.

'हायड्रा' म्हणजे मूळ ग्रीक 'हुद्रा', पाणसाप. 'हुदोर' म्हणजे पाणी. आपले 'उदक' आणि पाणमांजराला असलेला संस्कृत शब्द 'उद्र' हे त्याचे नातलग. 'हार्पी' म्हणजे झडप घालून पळवणारी. घार जशी पिलू उचलते तशी. 'गॉर्गो' म्हणजे भयंकर. शंभर हातांचे जे तीन भाऊ होते त्यांना 'हेकाटोन्खेइर', शतबाहू, म्हणत. शिक्षकांच्या लक्षात आलेच असेल, की हा आपला बहुव्रीही समास आहे. दशानन, लंबोदर, एकदंत ही नावे ज्या रीतीने होतात, त्याच रीतीने ग्रीक राक्षसांची नावे होत. दोन साधे शब्द घ्यायचे, जोडायचे, आणि ज्याचे ते वैशिष्ट्य आहे त्याला ते चिकटवायचे.

याचा सर्वांत सुंदर नमुना मला एका जुन्या कुंभारगीतात दिसतो. हे गीत होमरच्या नावावर सांगितले जाई, पण ते त्याचे नसावे. गोष्ट अशी, की आवा पेटवीत असलेल्या कुंभारांनी फिरत्या कवीला बोलावले आणि गाणे म्हणायची विनंती केली. बदल्यात भांडी देऊ म्हणाले. कवी म्हणाला, की शब्द पाळलात तर अथेना देवी तुमच्या आव्यावर हात ठेवील. फसवलेत तर मी आव्याचे राक्षस बोलावीन. आणि त्याने पाच नावे घेतली: स्युन्ट्रिप्स, स्माराघोस, आस्बेटोस, साबाक्टेस आणि ओमोदामोस. अर्थ पाहा. ठेचणारा, कडाडणारा, न विझणारा, चुरा करणारा आणि कच्च्याला गांजणारा. ज्याने आपल्या गावातला आवा उघडताना पाहिला असेल, त्याला हे पाचही जण ओळखीचे वाटतील. भांडे तडकते, आच हाताबाहेर जाते, माती भुगा होते, नाहीतर कच्चीच राहते. कुंभाराचे वर्षभराचे नुकसान ज्या ज्या वाटेने येते, त्या प्रत्येक वाटेवर एकेक राक्षस बसवला. नाव ठेवले की निदान कोणाशी झगडायचे ते कळते.

आता शरीराकडे वळू. ग्रीक राक्षस नव्या मातीचा नसतो. ओळखीच्या प्राण्यांचे तुकडे जोडून तो होतो. 'खिमैरा' घ्या. होमरने तिचे वर्णन केले आहे: पुढे सिंह, मागे साप, मध्ये शेळी, आणि तोंडातून आग. गंमत अशी, की सिंह आणि साप असताना नाव मात्र शेळीचे मिळाले. 'खिमैरा' म्हणजे एक हिवाळा काढलेली शेळीची पाट. सिंहाला माणूस भितोच, त्यात नवल कसले? पण दावणीला बांधलेली पाट आग ओकू लागली तर? परिचित वस्तू अपरिचित होते तेव्हा भीती अधिक वाटते, हे नाव ठेवणाऱ्याला बरोबर कळले होते. इटलीतील अरेत्सो गावी १५५३ साली या खिमैराची एक प्राचीन ब्राँझची मूर्ती सापडली. ती आज फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात आहे. पाठीतून शेळीचे डोके निघाले आहे.

तिला गावही आहे. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, प्राचीन लिकिया प्रांतात, एका डोंगराच्या खडकांतून नैसर्गिक वायू बाहेर येतो आणि जळत राहतो. तुर्की लोक त्या जागेला यानार्ताश, म्हणजे जळता दगड, म्हणतात. होमरने खिमैराचे घर लिकियातच सांगितले आहे. सर्व्हिअस नावाच्या लॅटिन टीकाकाराने तर सगळा उलगडा करून टाकला: डोंगराच्या माथ्यावर आग आणि तिच्याजवळ सिंह, मधल्या कुरणात शेळ्या, पायथ्याशी साप, झाली खिमैरा! हा उलगडा खरा मानायचा की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे. पण राक्षसाला पत्ता हवा, ही गोष्ट ग्रीकांनी कधी सोडली नाही. हायड्रा लेर्नाच्या दलदलीत, सिंह नेमेआला, स्फिंक्स थीब्जच्या वाटेवर. 'कुठेतरी' राहणारा राक्षस त्यांच्याकडे क्वचितच सापडतो.

पत्त्याबरोबर नातेवाईकही लागतात. हेसिऑडने टायफोन आणि एखिद्ना असे जोडपे सांगितले. एखिद्ना म्हणजे विषारी सापीण; वर सुंदर तरुणी, खाली सर्प. पाताळाच्या दाराचा कुत्रा केर्बेरोस, हायड्रा, खिमैरा ही या कुळातली लेकरे. या केर्बेरोसला हेसिऑडने पन्नास डोकी दिली. कवीला ती देणे सोपे. मडक्यावर चित्र काढणाऱ्याने काय करावे? अथेन्सच्या चित्रकारांनी पुष्कळदा दोनच डोकी काढली. पुढे तीन हा आकडा रूढ झाला, आणि आज सगळे तीनच सांगतात. मुलांना हे जरूर सांगावे. डोकी वाढवल्याने राक्षस मोठा होत नाही. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जेवढी उभी राहतील तेवढीच डोकी खरी.

नावात किती सामर्थ्य असते, ते होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्यातल्या क्युक्लोप्सच्या कथेत दिसते. पोलिफेमोस हा मेंढपाळ राक्षस. त्याच्या गुहेत ओडिस्युस आणि त्याचे सोबती अडकतात. राक्षस नाव विचारतो, तेव्हा ओडिस्युस सांगतो, माझे नाव 'कोणी नाही'. मग रात्री त्याला दारू पाजून त्याचा डोळा फोडतात. शेजारचे राक्षस धावत येतात आणि विचारतात, तुला कोण मारते आहे? तो ओरडतो, 'कोणी नाही' मारतो आहे! शेजारी म्हणतात, मग आम्ही काय करणार? आणि निघून जातात. खोट्या नावाने माणसे वाचली. पण गलबत सुटल्यावर ओडिस्युसला राहवले नाही. त्याने आपले खरे नाव, बापाचे नाव, गावाचे नाव ओरडून सांगितले. आता राक्षसाला शाप द्यायला नाव मिळाले! त्याचा बाप समुद्रदेव पोसाइडॉन. पुढचे सगळे हाल त्या एका गर्वाच्या आरोळीमुळे झाले.

दुसरे उदाहरण क्रीट बेटावरच्या मिनोटॉरचे. 'मिनोटॉर' म्हणजे मिनोस राजाचा बैल. माणसाचे शरीर आणि बैलाचे डोके असलेल्या या प्राण्याला भुलभुलैयात कोंडले होते. परंतु जुन्या पुराणसंग्रहात त्याचे जन्मनाव वेगळे दिले आहे: आस्टेरिओस, ताऱ्यांचा. घरातल्या मुलाला कोणीतरी हे नाव ठेवले होते. जगाने मात्र त्याला राजाचा बैल म्हटले, आणि तेच राहिले. एखाद्याला कोणत्या नावाने हाक मारायची हे ठरवले, की त्याच्याशी कसे वागायचे हेही जवळजवळ ठरून जाते.

इथून आपल्या देशाचा संबंध सुरू होतो.

इ. स. पू. ४०० च्या सुमारास क्टेसिअस नावाचा ग्रीक वैद्य इराणच्या बादशहाच्या दरबारी होता. तो हिंदुस्थानात कधी आला नाही. तरी त्याने हिंदुस्थानावर पुस्तक लिहिले. मूळ पुस्तक आज नाही. नवव्या शतकात एका विद्वानाने केलेला सारांश आणि इतरांनी दिलेले उतारे तेवढे आहेत. त्यात तो सांगतो, की हिंदुस्थानच्या डोंगरांत 'क्युनोकेफालोय', श्वानमुख लोक राहतात. त्यांना बोलता येत नाही, ते भुंकतात. एका पायाचे लोक आहेत. ऊन लागले की ते उताणे पडतात आणि त्या पायाची सावली करतात. आणि 'मार्टिखोरा' नावाचा एक पशू आहे: तोंड माणसाचे, आकार सिंहाएवढा, रंग लाल, दातांच्या तीन रांगा, शेपटीला विंचवाची नांगी.

हे नाव फारसी भाषेच्या जुन्या रूपातले. 'मार्टि' म्हणजे माणूस, ज्यापासून पुढे 'मर्द' झाले. आणि 'खोर' म्हणजे खाणारा. लाचखोर, चुगलखोर या शब्दांत आपण हा 'खोर' रोज वापरतो. मार्टिखोरा म्हणजे नरभक्षक. आता आपल्या डोंगरपट्टीतल्या माणसाला विचारा, अंगाने लालसर, सिंहाएवढा आणि माणूस खाणारा प्राणी कोणता? तो क्षणभरही थांबणार नाही. इ. स. च्या दुसऱ्या शतकात पाउसानिअस नावाच्या ग्रीक प्रवाशाने हेच लिहून ठेवले, की हा प्राणी वाघच असावा. दातांच्या तीन रांगा आणि नांगी ही त्याच्या अतोनात भीतीने चिकटवलेली आहे. राक्षस कसा तयार होतो हे इतक्या थोड्या शब्दांत दुसऱ्या कोणी क्वचितच सांगितले असेल. खरा वाघ, त्याची खरी भीती, आणि ज्याने तो पाहिला नाही अशाची लेखणी!

क्टेसिअसनंतर सुमारे शंभर वर्षांनी मेगॅस्थेनीस आला. हा तर चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी वकील म्हणून पाटलिपुत्रात राहिला. राज्यव्यवस्थेविषयी त्याने लिहिलेले आजही इतिहासकार वाचतात. पण त्यानेही लिहिले, की गंगेच्या उगमाकडे तोंड नसलेले लोक आहेत, ते फुलाफळांच्या वासावर जगतात. आणि आणखी एक जात आहे, ती कानांत झोपते, एवढे तिचे कान मोठे. भूगोलकार स्ट्राबोने पुढे त्याला खोटारडा ठरवले. मात्र सगळे खोटे त्याने स्वतःच्या पदरचे घातले नसावे. महाभारताच्या सभापर्वात दिग्विजयाच्या वर्णनात 'कर्णप्रावरण', म्हणजे कान पांघरणारे, असे लोक आले आहेत. 'एकपाद' लोकही आहेत. पाटलिपुत्रात बसून त्याने आपल्याच पूर्वजांच्या तोंडून या कथा ऐकल्या असाव्यात, असे अनेक विद्वान मानतात. म्हणजे ग्रीकांनी आपल्याला विचित्र म्हटले, आणि आपण आपल्या पलीकडच्या रानावनातल्या लोकांना विचित्र म्हटले. सरहद्दीपलीकडच्या न पाहिलेल्या माणसाला राक्षसाचे नाव ठेवणे ही कोणा एका देशाची खोड नव्हे.

या खोडीची हजेरी घेतली ती लुशिअनने. हा दुसऱ्या शतकातला लेखक, युफ्रेटिस नदीकाठच्या समोसाटा गावचा. त्याने 'सत्यकथा' नावाची गोष्ट लिहिली आणि सुरुवातीलाच बजावले, की मी खोटे बोलतो आहे एवढेच यातले खरे. क्टेसिअसचे नाव घेऊन तो म्हणतो, की याने हिंदुस्थानाविषयी जे लिहिले ते पाहिलेही नव्हते आणि खऱ्या माणसाकडून ऐकलेही नव्हते. मग लुशिअन चंद्रावरच्या लढाईत राक्षसांची फौजच उभी करतो. तीन डोक्यांच्या गिधाडांवर स्वार होणारे 'हिप्पोग्युपोय', अश्वगृध्र. पिसांऐवजी भाजीची पाने असलेले 'लाखानोप्टेरोय', शाकपक्ष. हत्तींहून कितीतरी मोठ्या पिसवांवर बसणारे धनुर्धर. कुत्र्यांच्या छत्र्यांच्या ढाली आणि शतावरीच्या कोंबांचे भाले घेतलेले सैनिक. नावे तीच जुन्या समासाच्या पद्धतीची. पण वाचताना हसू येते, आणि कोणाचे काही बिघडत नाही. ज्याला नवे राक्षस रचायचे असतील त्याने लुशिअनला गुरू करावे.

मात्र लोकांनी क्टेसिअसवरच विश्वास ठेवला. रोमन लेखक प्लिनी याने इ. स. ७७ मध्ये हे श्वानमुख, एकपाद सगळे आपल्या विश्वकोशात घेतले. तेथून ते शेकडो वर्षे युरोपच्या ग्रंथांत आणि नकाशांत फिरत राहिले. पाचव्या शतकात संत ऑगस्टीनपुढे प्रश्न आला, की असे लोक असतीलच तर त्यांना माणूस म्हणायचे का? त्याचे उत्तर लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याचा आशय असा, की या साऱ्या कथा खऱ्या मानायलाच हव्यात असे नाही; पण जो कोणी विचार करणारा मर्त्य प्राणी आहे, त्याचे रूप, रंग, आवाज कसाही असो, तो माणूसच होय. इतके स्पष्ट उत्तर असूनही नावांचा प्रवास थांबला नाही. १४९३ साली न्युरेंबर्गला छापलेल्या जगाच्या इतिहासात या लोकांची चित्रे आहेत. त्याच वर्षी कोलंबसने अमेरिकेतून परतताना लिहिलेल्या पत्रात कळवले, की पुष्कळांना अपेक्षा होती तसे राक्षसी लोक मला आढळले नाहीत. म्हणजे गलबत निघण्यापूर्वीच तिकडच्या माणसांसाठी नावे तयार होती! त्या बेटांवरच्या लोकांची पुढे जी वाताहत झाली, तिची कारणे सोने, जमीन, रोगराई अशी पुष्कळ आहेत. पण ज्याला आपण आधीच अर्धा पशू ठरवले, त्याच्यावर हात उचलताना मन कचरत नाही, हेही तितकेच खरे.

शेवटी एक समाधानाची गोष्ट सांगतो. १७३५ साली लिनिअस हा तरुण स्वीडिश शास्त्रज्ञ जर्मनीतील हँबुर्ग शहरी गेला. तेथे सात डोक्यांचा एक हायड्रा पेंढा भरून ठेवलेला होता. त्याची किंमतही भारी सांगत. लिनिअसने नीट निरखून पाहिले. जबडे आणि पाय मुंगसासारख्या लहान प्राण्याचे, वरून सापाचे कातडे चिकटवलेले! त्याने तसे जाहीर केले, आणि मालकाचा राग ओढवू नये म्हणून शहर सोडले. पुढे काही वर्षांतच अब्राहम ट्रेम्बले नावाचा शिक्षक हॉलंडमध्ये एका सरदाराच्या दोन मुलांना शिकवीत असता, त्याला डबक्याच्या पाण्यात अर्ध्या-पाऊण बोटाएवढाही नसलेला एक जीव दिसला. त्याचे तुकडे केले तर प्रत्येक तुकड्याचा पुन्हा पुरा जीव होई. १७४४ साली त्याने ते सारे प्रसिद्ध केले. त्या जिवाला शास्त्रात नाव मिळाले 'हायड्रा'. खोटा हायड्रा पकडला गेला, आणि खऱ्याला नाव मिळाले. आपल्या गावच्या तळ्यातल्या पाणवनस्पतींवरही भिंगाने शोधले तर तो भेटू शकतो.

तेव्हा गुरुजी, आणि बाईही, वर्गात मुलांना राक्षस जरूर रचू द्या. ओळखीच्या दोन-तीन प्राण्यांचे अवयव घेऊ द्या. त्याला एक गाव, एक काम आणि एक कच्चा दुवा द्यायला सांगा. नाव साध्या मराठी शब्दांचा समास करून ठेवायला लावा. व्याकरणाचा तास आपोआप होईल. विहिरीतला, आव्यातला, वादळातला राक्षस करा. पण एक पथ्य सांभाळा. पलीकडच्या वस्तीतल्या, परक्या भाषेच्या, वेगळ्या चेहऱ्याच्या माणसाला ते नाव कोणी लावू लागले, तर तिथे गोष्ट थांबवा आणि विचारा, 'तू त्याला पाहिले आहेस का?' क्टेसिअसला हा प्रश्न कोणी वेळेवर विचारला असता, तर दोन हजार वर्षांचा खोटेपणा वाचला असता.